तो वाघाकडे बघतच नाही, मग न्यायचं कशाला?

पत्र :
आमचा मुलगा पावणेपाच वर्षांचा आहे. तीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. थेरपी चालू आहे. दहा-बारा शब्द बोलतो, तेही त्याच्या मनात असेल तेव्हा. आम्ही पुण्यात राहतो. घरात सासू-सासरे, मिस्टर, मी आणि नऊ वर्षांची मोठी मुलगी. रविवारी सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं अशी आमच्याकडे पहिल्यापासूनची पद्धत आहे. पण हल्ली घरी परत आलं की मला रडू येतं. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेलो, तर वाघ बघून सगळी मुलं ओरडत होती आणि हा जाळीला बोटं लावून उभा. ‘बघ, वाघ बघ’ म्हणून मी त्याची मान वळवली, तर माझा हात झटकून पुन्हा जाळीकडे. दिवाळीत दिवेआगरला गेलो, तिथे समुद्राकडे पाठ करून दीड तास मुठीतून वाळू सोडत बसला. एकाही फोटोत तो आमच्यात नाही. हाक मारली तरी ओ देत नाही. सासूबाई म्हणतात, ‘त्याला कुठे काय कळतंय, उगाच लेकराचे हाल. आमच्यापाशी ठेवा, तुम्ही तिघं जाऊन या.’ मिस्टर काही बोलत नाहीत, पण आताशा रविवारी त्यांना नेमकं काम निघतं. परवा मुलीने विचारलं, ‘आई, त्याला आपण आवडतो का गं?’ मला उत्तर देता आलं नाही. त्याला नेण्यात काही अर्थ आहे का? त्याच्यापर्यंत काही पोचतं का?
– एक आई, पुणे

ताई,

न्या त्याला. आणि हो, पोचतं त्याच्यापर्यंत. तुमचे दोन्ही प्रश्न किती दिवस मनात घोळत असतील ते पत्रावरून दिसतंय, म्हणून उत्तरं आधी देऊन टाकते. आता ती कशाच्या जोरावर देते आहे ते सांगते, आणि सहल कुठे बदलावी लागेल तेही.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाची वाटली ती दोन वाक्यं तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहेत. जाळीला बोटं लावून उभा राहिला. दीड तास मुठीतून वाळू सोडत बसला. ज्याचं कशातच लक्ष नाही असं मूल दीड तास एक गोष्ट करत बसत नाही. आणि ज्याला त्या ठिकाणी थांबणंच नकोसं झालंय ते तर अजिबात बसत नाही. ते रडतं, पळतं, गाडीकडे ओढतं. म्हणजे तुमचा मुलगा दिवेआगरच्या किनाऱ्यावर होता आणि रमला होता. फक्त जिथे रमेल अशी तुमची अपेक्षा होती तिथे तो नव्हता.

जाळीजवळ जरा थांबू या. कात्रजला वाघ असतो कुठे? बऱ्याचदा लांब, झाडाच्या सावलीत, पडलेला. हलला तर शेपूट हलते. आपल्याला तो दिसतो याचं निम्मं कारण, वाघ म्हणजे काय हे आपल्याला गोष्टींतून, चित्रांतून आधीच ठाऊक असतं आणि शेजारचे दहा जण बोट दाखवत असतात. तुमच्या मुलाच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर जाळी आहे. सारख्या मापाचे चौकोन, एकाखाली एक, कुठेही न चुकता. डोकं किंचित डावी-उजवीकडे केलं की जाळीमागची झाडं तुकड्यातुकड्यांनी सरकतात. बोट लावलं तर तार गार लागते, सांध्यावर थोडी खरखरीत. पुढच्या वेळी तुम्ही स्वतः त्याच्या उंचीला बसून, गाल जवळजवळ जाळीला लावून बघा. वेळ जातो हो त्यात. खरंच जातो.

ऑटिस्टिक मुलांचं लक्ष कसं चालतं याबद्दल डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन या तिघांनी 2005 साली एक मांडणी केली होती. लॉसन स्वतः ऑटिस्टिक आहेत. या मांडणीचा गाभा असा, की आपल्यापैकी बहुतेकांचं लक्ष एकाच वेळी चार-पाच ठिकाणी थोडंथोडं पसरलेलं असतं. वाघ बघताना आपण मुलीचा हातही धरतो, मागून कोणी धक्का देतंय तेही कळतं, आणि भेळ कुठे मिळते याचाही अंदाज घेत असतो. ऑटिस्टिक मुलाचं लक्ष एका वेळी एका-दोन गोष्टींवर एकवटतं आणि तिथे फार खोल जातं. मग बाकीचं बाहेर राहतं. त्यात तुमची हाकही बाहेर राहते. ‘ओ देत नाही’ यात दुर्लक्ष नाही, हट्ट नाही, प्रेमाचा अभाव तर मुळीच नाही. आणि तिथून त्याला एकदम उपटून दुसरीकडे वळवणं हे त्याला खरोखर त्रासाचं होतं. तुम्ही मान वळवलीत तेव्हा त्याने हात झटकला तो यामुळे. मान वळवणं तेवढं आजपासून बंद करा. हनुवटी धरून ‘माझ्याकडे बघ’ हेसुद्धा. बोलू-लिहू शकणारी कितीतरी ऑटिस्टिक मोठी माणसं सांगतात की समोरच्याच्या डोळ्यांत बघणं आणि त्याचं ऐकणं ही दोन्ही कामं त्यांना एकत्र जमत नाहीत. ऐकायचं असलं की नजर बाजूला न्यावी लागते. तेव्हा तुमच्याकडे न बघता वाळू सोडणारा मुलगा तुमचं बोलणं ऐकत नव्हता असं कुठे ठरलंय?

पोचल्याची पावती बऱ्याचदा उशिरा येते आणि भलत्याच रूपात येते. माझ्याकडे येणारा एक मुलगा कोकणातल्या मामाच्या गावी आठवडाभर राहून आला. तिथे म्हणे कोणाकडे बघितलं नाही, कोणाशी बोलला नाही. नंतर बऱ्याच दिवसांनी आंघोळ करताना त्याने मामीच्या आवाजात, मामीच्या हेलात म्हटलं, ‘पाणी तापलाऽ, येवा.’ पूर्ण वाक्य. त्याच्या आईने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिला बोलवत नव्हतं. ऐकलेलं जसंच्या तसं, पुष्कळ उशिराने बोलणं हे या मुलांच्या भाषेचं एक नेहमीचं वळण आहे. तुमचा मुलगा कदाचित बोलून दाखवणार नाही. पण सहलीनंतरच्या चार-पाच दिवसांत नीट बघा. डाळ-तांदळाच्या डब्यात हात घालून मुठीतून धान्य सोडतोय का? गाडी कात्रजच्या रस्त्याला लागली की अंग हलवतोय का? सहलीला घातलेली चप्पल आणून देतोय का? तुम्ही पावती फोटोत शोधता आहात. फोटोत ती मिळणार नाही.

आता एक सावधगिरी. ‘आपल्याच तंद्रीत असतो’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्या तंद्रीच्या पोटात निरनिराळ्या गोष्टी असू शकतात आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. जाळीजवळचा तो रमलेला होता: बोटं चालू, अंग सैल, ओढलं की विरोध. पण कधीकधी मूल गप्प होतं ते आवाज, उजेड, वास, गर्दी सगळं अंगावर आल्यामुळे. ते रडत नाही, म्हणून आपल्याला वाटतं ठीक आहे. अशा वेळी अंग ताठ होतं किंवा एकदम ढिलं पडतं, हात कानांवर जातात, चेहरा उतरतो, भर दुपारी जांभया येतात, तोंड खांद्यात खुपसलं जातं, खायला दिलेलं आवडीचं बिस्कीटही हातात तसंच राहतं. हे दिसलं की त्याला शांत जागी न्यायचं, आणि बोलायचं नाही. समजूतही घालायची नाही, कारण तुमचा आवाज हा त्या वेळी आणखी एक आवाज असतो. लग्नाच्या हॉलमध्ये, मॉलच्या खेळघरात, गणपतीच्या मिरवणुकीत असं हटकून होतं. ढोल-ताशाच्या पथकाशेजारी त्याला ‘सवय व्हावी’ म्हणून उभं करण्याचा सल्ला तुम्हाला कोणी दिला, तर ऐकू नका. कान बंद करणारे हेडफोन मिळतात ते घ्या, गणपती सकाळी लवकर बघा, आणि मिरवणूक टीव्हीवर.

तिसरी शक्यता कमी वेळा आढळते, पण सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. ऑटिस्टिक मुलांमध्ये फिट येण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं, आणि प्रत्येक फिटमध्ये हातपाय झटकले जातातच असं नाही. काही फिट नुसत्या टक लावण्याच्या असतात. फरक असा बघायचा: चालू असलेलं काम मध्येच तुटतं का? वाळू सोडणारी मूठ हवेत थांबते, नजर गोठते, पापण्या फडफडतात किंवा ओठ चघळल्यासारखे हलतात, खांद्याला हात लावला तरी काही नाही, आणि काही सेकंदांनी पुन्हा जसंच्या तसं सुरू. असं कधी दिसलं असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि मुलांच्या न्यूरोलॉजिस्टना दाखवा. ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) करायचा का, हे डॉक्टर ठरवतील. तुमच्या वर्णनात मला तसं काही दिसत नाही. ऐकण्याची बेरा तपासणी बहुतेक निदानाच्या वेळी झालीच असेल. राहिली असेल तर ती उरकून घ्या.

आता येता रविवार.

कात्रज काही दिवस बाजूला ठेवा. इतकं चालणं, इतकी माणसं, इतके प्राणी, वर ऊन, आणि त्यातून ‘तो आज बघेल का’ ही तुमची धाकधूक. पहिल्यांदा जमवायला हे फार आहे. सहल लहान करा. इतकी लहान की सासूबाईंना ती सहल वाटणारही नाही. माझी सूचना मेट्रोची आहे. वनाज ते गरवारे कॉलेज. 2022 च्या मार्चमध्ये पुण्यात मेट्रो सुरू झाली तेव्हा जे दोन तुकडे आधी उघडले त्यातलाच हा एक, जेमतेम पाच स्टेशनं. वनाज हे शेवटचं स्टेशन असल्यामुळे डबा रिकामा मिळतो, बसायला जागा निवडता येते. रविवारी सकाळी गर्दी नसते. ज्या मुलाला जाळीचे चौकोन आवडतात त्याला एका मापाने उघडणारी दारं, ठरावीक अंतराने येणारी स्टेशनं, दर वेळी त्याच सुरात होणारी घोषणा आवडण्याची शक्यता बरीच आहे. न आवडली तर पुढच्या स्टेशनवर उतरता येतं, हा मोठा फायदा. चालू सिनेमातून किंवा कोणाच्या मुंजीतून असं उठून येता येत नाही.

जाण्याआधी एक दिवस चार फोटो दाखवा: आपली गाडी किंवा रिक्षा, स्टेशनचा जिना, मेट्रोचा डबा, आणि शेवटी आपलं घर. घराचा फोटो विसरू नका. हे संपणार आहे आणि आपण परत जाणार आहोत हे कळलेलं मूल निम्मं निवांत असतं. फोटो मोबाईलमध्ये न ठेवता छापून एका पुठ्ठ्यावर चिकटवा, म्हणजे तो हातात धरता येईल आणि झालेली गोष्ट बोटाने दाखवता येईल. बोलताना ‘आधी मेट्रो, मग घर’ इतकंच. स्टेशनवर सुरक्षारक्षक अंगाला हात लावून तपासतात, बॅग यंत्रातून जाते, तिकिटाच्या फाटकाला आवाज असतो. अनोळखी हाताचा स्पर्श त्याला चालत नसेल तर मिस्टरांनी दोन पावलं पुढे जाऊन आधीच सांगावं, ‘मुलगा ऑटिस्टिक आहे, मी उचलून घेतो, तुम्ही माझी तपासणी करा.’ दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलं असेल तर त्याचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम स्पष्टपणे आहे, त्यामुळे कुठल्याही रांगेत विनंती करताना बिचकू नका. कार्ड काढलं नसेल तर ते वेगळं काम आहे, पण करा.

डब्यात बसल्यावर तुम्ही काय करायचं, याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. त्याच्या समोर बसू नका, शेजारी बसा. तो कुठे बघतोय ते शोधा आणि तुम्हीही तिथे बघा. तो दाराची रबराची कड बघत असेल तर कड. मग त्याच गोष्टीला एक शब्द: ‘दार.’ आणि थांबा. मनातल्या मनात दहा म्हणेपर्यंत थांबा. आपण आया फार लवकर दुसरं वाक्य बोलतो. ‘दार बघ, दार उघडलं ना, कोण आलं, सांग, काका आले ना?’ त्याच्यापर्यंत पहिला शब्द पोचून त्याची जुळवाजुळव होईपर्यंत आपण पाचवं वाक्य टाकलेलं असतं. एक शब्द, मग शांतता. तो बोटाने सीटच्या कडेवर रेघ ओढत असेल तर तुम्हीही तुमच्या सीटवर ओढा. बहुतेक वेळा काही होणार नाही. एखाद्या वेळी तो तुमच्या बोटाकडे बघेल. तेवढं पुष्कळ झालं, त्यावर टाळ्या वाजवू नका, फोटो काढू नका, नुसतं पुन्हा ओढा.

ही माझ्या पदरची युक्ती नाही. गोव्यातल्या ‘संगथ’ या संस्थेत आणि पाकिस्तानात रावळपिंडी इथे मिळून ऑटिस्टिक मुलांच्या आईवडिलांबरोबर एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त आले. मूळ पद्धत इंग्लंडची. तिथे ती थेरपिस्ट शिकवत होते, इथे प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन शिकवली. करायचं काय, तर आईबाप मुलाशी खेळत असताना थोडं चित्रीकरण करायचं आणि मग तेच त्यांच्यासोबत बसून बघायचं: इथे मूल कशाकडे बघत होतं, इथे त्याने काय केलं, आणि तुम्ही त्यावर बोललात की तुमच्याच मनातलं काही बोललात? पद्धत शिकलेले आईवडील मुलाच्या कलाने जास्त बोलू लागले, आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. आपणहून, हे महत्त्वाचं आहे ताई. ‘बघ, वाघ बघ’ याला प्रतिसाद देणं वेगळं, आणि स्वतःला काही दाखवावंसं वाटणं वेगळं. दुसरं हवं असेल तर आधी आपल्याला त्याच्या जाळीपाशी जाऊन बसावं लागतं. मिस्टरांना हे काम द्या. मेट्रोत दोन मिनिटांचं चित्रीकरण त्यांनी करावं, तुमचं आणि मुलाचं, आणि रात्री दोघांनी आवाज बंद करून बघावं. रविवारी काम काढणाऱ्या वडिलांना बऱ्याचदा मुलाचा कंटाळा नसतो. आपण तिथे जाऊन करायचं काय हे त्यांना कळत नसतं, आणि बायकोचे डोळे भरलेले बघवत नाहीत. त्यांच्या हाती करण्यासारखं काही आलं की माणूस सोबत येतो.

चांगलं चाललेलं असतानाच परत फिरा. ‘आज मजा येतेय तर अजून थोडं’ हा मोह आवरा. निघण्याआधी दोनदा सूचना द्या, पुठ्ठ्यावरचं घर दाखवा.

मेट्रो अंगवळणी पडली की दुसरी जागा म्हणून जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वराची लेणी बघा. आठव्या शतकातली, एकाच खडकात कोरलेली. अंगणातला गोल नंदीमंडप तर अशा मुलांसाठीच घडवल्यासारखा वाटतो मला. खांबांच्या मधून गोल गोल फिरता येतं, दगड गार असतो, वर झाडांची सावली आहे, आणि इतक्या वाहत्या रस्त्याला लागून असूनही आत आवाज एकदम कमी होतो. आजी-आजोबांना दर्शन घडतं, मुलीला खांब मोजता येतात, आणि तो फिरत राहिला तरी कोणाच्या मध्ये येत नाही. प्रत्येकाने आपापलं काहीतरी करावं आणि तरी सगळे एका जागी असावेत, अशीच जागा तुमच्या घराला हवी आहे.

कात्रजला पुन्हा जाल तेव्हा सकाळी उघडता उघडता जा (बुधवारी ते बंद असतं), आणि एकच प्राणी ठरवून जा. बाकीचे राहिले तर राहिले.

समुद्र, नदी, तळं असेल तिथे मात्र एक मोठं माणूस फक्त त्याच्यासाठी, हाताच्या अंतरावर, सतत. या मुलांना पाण्याची ओढ फार असते आणि हाक मारून ती थांबत नाहीत. ‘तू बघतोयस ना?’ ‘मला वाटलं तू बघतेयस’ यात अपघात होतात. मनगटावर किंवा कपड्याच्या आत तुमचा मोबाईल नंबर असलेली पट्टी लावा. नाव नसलं तरी चालेल, नंबर हवा, आणि ‘ऑटिस्टिक आहे, बोलत नाही’ एवढं हवं.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं मी सरळ खोडून काढणार नाही. ‘लेकराचे हाल’ हे त्यांनी बरोबर पाहिलं आहे. काही सहली त्याच्यासाठी खरोखर हालच असतील, आणि त्या दिवशी तो आजीपाशी घरी राहिला तर त्याने काही गमावलं नाही. लग्नाला, लांबच्या प्रवासाला, रात्रीच्या जेवणाला जाताना ही सोय हक्काने वापरा, मनाला लावून घेऊ नका. पण ‘त्याला काय कळतंय’ हे त्यांनी त्याच्यासमोर म्हणायचं नाही. हे तुम्ही नका सांगू, मिस्टरांनी आपल्या आईला सांगावं, शांतपणे, ती स्वयंपाकघरात एकटी असताना. बोलता न येणाऱ्या मुलाला समजत नाही असं धरून चालणं ही फार मोठी आणि फार सर्रास चूक आहे. आपल्याबद्दल घरात काय बोललं जातं ते ही मुलं ऐकत असतात. आजींना काम द्या. त्यांना सांगा, ‘आई, तो घरी आल्यावर आठवडाभर काय वेगळं करतो ते तुमच्या इतकं कोणी बघत नाही, तेवढं लक्षात ठेवून मला सांगा.’ सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नसतं, आणि धान्याच्या डब्याची गोष्ट तुमच्या आधी त्यांनाच दिसेल.

रस्त्यात लोक बघतील, कोणी म्हणेल ‘मोबाईल जास्त देता वाटतं’. उत्तर देण्यात शक्ती घालवू नका. मोबाईलने ऑटिझम होत नाही, तुमच्या लाडाने होत नाही, तुम्ही नोकरी केली म्हणून किंवा नाही केली म्हणूनही होत नाही.

तुमच्या मुलीचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. तिला उत्तर द्यायला हवं, आणि ते गोड खोटं नको. नऊ वर्षांच्या मुलीला कळतं. तिला म्हणा: ‘त्याला आवडतो आपण. पण त्याचं आवडणं आपल्यासारखं दिसत नाही. तो गळ्यात पडत नाही. तू सांग, तुला कधी वाटलं का की त्याला तू आवडतेस?’ आणि मग तिला बोलू द्या. बहिणींना बरंच माहीत असतं. झोपताना तो तिच्याच पांघरुणात पाय घालतो, तिची शाळेची बस यायच्या वेळी खिडकीत जातो, तिच्याच ताटातली पोळी उचलतो, असं काहीतरी तिच्याकडे असेल. तिने ‘नाही, कधीच नाही’ म्हटलं, तर तेही ऐकून घ्या. ‘तो लहान आहे, तूच समजून घे’ हे तिला फार लवकर आणि फार वेळा सांगितलं गेलं असणार. तिला भावाचा राग यायला परवानगी हवी. आणि तिच्यासाठी अधूनमधून एक दुपार ठेवा जिच्यात भाऊ नाही, भावाविषयी बोलणंही नाही. वाघ तिला पोटभर बघू दे, पेशवे पार्कातल्या ‘फुलराणी’ या छोट्या आगगाडीत बसू दे, आणि तुमचा हात पूर्ण वेळ तिच्या हातात असू दे. हे करताना त्याला मागे सोडल्याचा अपराध वाटेल. वाटला तरी करा.

तुम्हाला रडू येतं त्याबद्दल. तुम्ही ज्या सहली मनात पाहिल्या होत्या त्या झाल्या नाहीत, याचं दुःख खरं आहे आणि ते त्याच्यावरच्या प्रेमाच्या आड येत नाही. पण ते रडू रोजचं झालं असेल, झोप उडाली असेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल, तर मुलाच्या थेरपीइतक्याच तातडीने स्वतःसाठी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. त्याच्या थेरपिस्टनाही सांगा. ओळखीतल्या आयांचा एखादा गट असेल तर त्या जोडून देतील. दोन-तीन घरांनी मिळून रविवारी मेट्रोत बसणं हे एकट्याने बसण्यापेक्षा कितीतरी सोपं जातं, कारण तिथे कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्या फेरीला सगळे सहा जण जाऊ नका. तुम्ही, मिस्टर आणि तो. दुसऱ्या वेळी मुलगी. आजोबांना तिसऱ्या वेळी न्या, आणि ते कुठे बसतील ते आधी ठरवा: नातवाच्या शेजारी, खिडकीच्या बाजूला, आणि गरवारे कॉलेज येईपर्यंत ‘ते बघ’ म्हणायचं नाही, एवढी एक अट घालून.